न मांडलेली शेंग

“...म्हणजे जातं नेलं, तुळस नेली, बाजसुद्धा टेम्पोत घालून नेली. मग आता राहिलं तरी काय, गुरुजी?”

विलास घेवडे विचारत होता. मठपती गुरुजी शेंगा फोडत होते.

मी सोप्याच्या पायरीवर बसून पेपर वाचून दाखवत होतो, तो मिटून ठेवला. रोज दुपारी दुकान बंद करून मी गुरुजींकडे येतो. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, आणि मला शिलाईच्या मशीनवरून उठायला काहीतरी निमित्त लागतं. दोघांचंही भागतं.

विलास आणि मी एका वर्गातले. हिरण्यकेशीच्या काठचं आमचं गाव, गावाबाहेरचं हायस्कूल आणि गणिताला मठपती गुरुजी. विलास पुण्याला मोठा इंजिनिअर झाला. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात आहे. पंप बंद पडला की तो कशाने बंद पडला हे हुडकून काढायचं, हे त्याचं काम. त्याच्या हाताखाली माणसं आहेत, त्या माणसांच्या हाताखाली आणखी माणसं आहेत. माझ्या हाताखाली मशीन आहे, आणि तेही माझं ऐकत नाही.

त्याचे वडील वारले आणि घरात तानूआक्का, म्हणजे त्याची आई, एकटी राहिली. विलास तिला पुण्याला घेऊन गेला. एकुलता एक मुलगा, त्याने नेलं तर चांगलंच केलं, असं सगळं गाव म्हणालं. मीही म्हणालो.

तेव्हापासून त्याच्या गावाकडच्या खेपा वाढल्या होत्या. यायचा, बंद घराचं कुलूप काढायचा, काहीतरी गाडीत घालायचा, गुरुजींच्या पाया पडायचा आणि चहा पिऊन परत जायचा. गावातली पोरं म्हणायची, विलासकाका घर सुटं करून पुण्याला नेतोय आणि तिकडं पुन्हा जोडतोय.

खरी गोष्ट अशी होती की तानूआक्काचं जेवण तुटलं होतं. ताटावर बसायची, भाकरीचा तुकडा मोडायची आणि तो तसाच ठेवून उठायची. बोलणं कमी झालं होतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, सगळं चांगलं आहे म्हणाले. सगळं चांगलं होतं आणि बाई वाळत चालली होती. गेल्या आठवड्यात ती न्हाणीत चक्कर येऊन बसली, तेव्हा विलासच्या तोंडचं पाणी पळालं.

तो घाबरला होता. घाबरल्यावर काही माणसं रडतात. विलास जास्त हुशारीनं बोलतो.

“आज काय न्यायला आलास?” गुरुजींनी विचारलं.

“तेच कळत नाही. सकाळपासून घरातनं फिरतोय. चुलीची माती खरवडून न्यावी का, इथपर्यंत मनात आलं.”

मला हसू आलं, ते मी गिळलं.

मग त्याने आपली रीत समजावून सांगितली. आई इथे ठीक होती. तिकडे ठीक नाही. याचा अर्थ इथलं काहीतरी तिकडे नाही. म्हणून इथली एकेक वस्तू तिकडे न्यायची आणि काय फरक पडतो ते बघायचं. पंपाचा बिघाड तो असाच शोधतो. एकेक भाग बदलत जायचा, कधीतरी पंप पाणी ओढायला लागतो.

आणि गंमत म्हणजे, तो म्हणाला, फरक पडतो. जातं नेलं त्या दिवशी ती पोटभर जेवली. चार दिवसांत पुन्हा होती तशी. तुळस नेली, पुन्हा तेच. बाज नेली, पुन्हा तेच.

“म्हणजे दिशा बरोबर आहे, गुरुजी. पण ह्यातलं काहीच ते नाही. कुठलं तरी एक अक्षर राहिलंय. ते सापडलं की गणित सुटलं.”

गुरुजींनी एक शेंग फोडली. दाणे माझ्या हातावर ठेवले.

“मांड,” ते म्हणाले.

“काय मांडू?”

“गणित म्हणतोस ना. मांड की.”

ते उठले. काठी टेकत पायरी उतरले, अंगणात गेले आणि काठीच्या टोकाने मातीत एक लांब रेघ ओढली. रेघ थोडी वाकडी आली. हात आता थरथरतो त्यांचा.

ती रेघ मी लगेच ओळखली. विलासनेही ओळखली असणार, कारण तो तिच्याकडेच बघायला लागला...

आमच्या शाळेत फळा होता, पण सूत्रं शिकवताना गुरुजी फळ्याकडे पाठ फिरवायचे. सगळ्या वर्गाला मैदानात न्यायचे. मैदानाच्या मधोमध चुन्याची रेघ मारायचे. ती रेघ म्हणजे बरोबरचं चिन्ह. आमच्या गळ्यात सुतळीने पाट्या बांधायचे, पाटीवर एकेक अक्षर. मग आम्ही पोरं राहायचो नाही. कुणी अंतर व्हायचा, कुणी वेग, कुणी वेळ.

अंतर रेघेच्या या बाजूला एकटं. वेग आणि वेळ त्या बाजूला हातात हात घालून, कारण ते गुणाकारात असायचे. मग गुरुजी विचारायचे, आज वेळ हुडकायची आहे, काय कराल? आम्ही ओरडायचो, दोन्ही बाजूंना वेगाने भागा. ज्याने भागायचं तो अंतराच्या पायाशी उकिडवा बसायचा. भागणारा नेहमी खाली. पलीकडे वेगाने वेळेचा हात सोडायचा आणि बाजूला व्हायचं. झालं, वेळ एकटी.

वजा व्हायचं असेल तर पाठ फिरवून उभं राहायचं. हा नियम परिमितीच्या सूत्राला लागायचा. लांबी आणि रुंदी शेजारी शेजारी असायच्या, आणि रुंदी एकटी करायची म्हणून लांबी पाठ फिरवून दुसऱ्या बाजूला उभी राहायची. आम्ही म्हणायचो, लांबी पलीकडे गेली. गुरुजींना ते चालायचं नाही. पलीकडे काहीच जात नाही, ते म्हणायचे, दोन्हीकडून सारखं वजा केलं, म्हणून इकडं उरलं नाही आणि तिकडं दिसलं. हे आमच्या डोक्यात किती शिरलं देव जाणे. माझ्या डोक्यात तर शिरलंच नाही. मी वर्गात सगळ्यांत ठेंगणा, त्यामुळे भागायची पाळी आली की गुरुजी मलाच बसवायचे. भागाकार मला गुडघ्यांनी शिकवला.

पण खरी करामत पुढे असायची. वेळ सापडली, आम्ही टाळ्या वाजवल्या, आता पाट्या सोडायच्या, असं वाटायचं. गुरुजी म्हणायचे, आता वेग हुडका.

सूत्र तेच, तीच तीन अक्षरं. तरी सगळ्यांना जागा बदलाव्या लागायच्या. जो आत्ता एकटा उभा होता तो आता गर्दीत जायचा, आणि गर्दीतला कुणीतरी एकटा पडायचा. सूत्रात जेवढी अक्षरं तेवढी गणितं. प्रत्येक अक्षर एकदा तरी रेघेच्या एका बाजूला एकटं उभं राहिल्याशिवाय गुरुजी घरी सोडायचे नाहीत. शाळा सुटलेली असायची, ऊन उतरलेलं असायचं, नदीवरनं येणाऱ्या बायका घागरी घेऊन कुंपणापाशी थांबून बघायच्या. पोटात कावळे ओरडायचे. आणि तरी ते संपू नये असं वाटायचं.

आज त्या मैदानावर सिमेंटचे ठोकळे बसवलेत. पावसात चिखल होत नाही, ही सोय झाली. रेघ मारायला मात्र माती राहिली नाही. मी तिथून जाताना नजर खाली घालून जातो, कारण मला वाईट वाटतं आणि त्याचा कुणाला काही उपयोग नाही.

विलासच्या गळ्यात कधी पाटी बांधलेली मला आठवत नाही. तो सोडवणारा. रेघेच्या बाहेर, सगळ्यांना दिसेल असा उभा राहायचा आणि बोट करून सांगायचा. तू खाली बस. तू पाठ फिरव. तू एकटा उभा राहा. एकदाही चुकायचा नाही. गुरुजींच्या चेहऱ्यावर त्याचं कौतुक दिसायचं, आणि आम्हा बाकीच्यांना त्याचा राग यायचा, तोही दिसायचा.

“मांड की रे,” गुरुजी म्हणाले.

विलासने इस्त्रीची पँट थोडी वर ओढली आणि तो मातीत उकिडवा बसला. मी शेंगांचं सूप त्याच्यापुढे सरकवलं.

त्याने रेघेच्या या बाजूला एक शेंग ठेवली.

“ही आई. म्हणजे आईचं बरं असणं. हे काढायचंय.”

त्या बाजूला तो एकेक ठेवत गेला. गुरुजींना लांबून दिसेना, म्हणून ते काठीवर भार देऊन खाली बसले आणि बोटांनी चाचपत विचारायला लागले.

“ही?”

“खोली. स्वतंत्र आहे तिला. दक्षिणेची खिडकी.”

“ही?”

“औषधं. डॉक्टर. सगळं एकत्र धरा.”

“ही?”

“खाणंपिणं. आमची ही सगळं बघते, गुरुजी. नोकरी सांभाळून बघते. त्यात काही कमी नाही.”

त्यात खरोखरच काही कमी नव्हतं. विलासची बायको चांगली आहे, माझ्या पोरीच्या बाळंतपणात तिने पुण्याहून बाळंतविडा पाठवला होता.

मग जात्याची शेंग आली, तुळशीची आली, बाजेची आली. शेवटी विलासने त्यांच्यापुढे बोटाने मातीत एक लहानसा गोल काढला.

“आणि ही मोकळी जागा. इथं जे येईल, ते पाहिजे. तुम्ही तिला इतकी वर्षं बघताय. गुंड्या, तूही बघितलंयस. काय होतं इथं, जे तिथं नाही?”

मी विचार करायला लागलो. नदी म्हणावं तर ती नेता येत नाही. शेजारच्या बायका म्हणाव्यात, तर त्यातल्या निम्म्या आता नाहीत. मी म्हटलं, तिची म्हैस. विलासने खरंच मान हलवली, जणू म्हैस कुठल्या मजल्यापर्यंत चढवता येईल याचा हिशोब करतोय.

गुरुजींनी त्या गोलाकडे बघितलंसुद्धा नाही.

“जातं नेलंस त्या दिवशी काय झालं, ते सांग,” ते म्हणाले.

“सांगितलं ना. जेवली.”

“आधीपासून सांग.”

विलास जरा वैतागला. पण गुरुजींना वैताग दाखवायची सवय आमच्यापैकी कुणालाच लागली नाही. तो सांगू लागला. रविवार होता. जातं दोघातिघांनी मिळून वर चढवलं. फरशीवर ते बसेना, डुगडुगायला लागलं. त्याने खाली पोतं घातलं. आई म्हणाली, असं न्हवं, आधी पातळ वाळू पसर. वाळू कुठून आणायची? खालच्या मजल्यावर बांधकाम चाललं होतं, तिथून पिशवीत भरून आणली. मग खुंटा ढिला निघाला. पाचर मारायला लाकूड नव्हतं, तर त्याने कपड्याच्या हँगरचा तुकडा तासला. आई शेजारी बसून सांगत होती आणि मध्येच त्याच्या हातावर चापट मारत होती. संध्याकाळी दोघांनी मिळून मूठभर ज्वारी दळली. खालचे लोक आवाजाची तक्रार घेऊन आले, त्यांनाही तिने पीठ दाखवलं.

“दुपारी बसलो तो दिवेलागणीलाच उठलो,” विलास म्हणाला. “भाकरी तिने स्वतः थापल्या. जेवली.”

गुरुजींनी सुपातून एक शेंग घेतली आणि जात्याच्या शेंगेला लावून ठेवली.

“तुळशीचं सांग.”

त्या दिवशी त्याने रजा काढली होती. कुंडी मोठी, माती कमी पडली. मायलेक खाली सोसायटीच्या बागेत गेले आणि फुलझाडांच्या बुडातली माती उकरायला लागले. वॉचमनने पकडलं. तानूआक्का त्याच्याशी भांडली. माती काय तुझ्या आज्यानं आणलीया का, असं म्हणाली. वॉचमन विदर्भातला, त्याला तिची भाषा अर्धीच कळली, पण तो हसला आणि त्यानेच घमेलं भरून दिलं.

सांगताना विलासला हसू आवरेना. पुण्याला गेल्यापासून मी त्याला असा हसताना बघितला नव्हता. शाळेतला विलासही असा हसायचा, तोंड उघडं टाकून.

गुरुजींनी आणखी एक शेंग घेतली. तुळशीला लावून ठेवली.

“बाज?”

“बाजेचं सुंभ सैल झालं होतं. ते सगळं उसवून पुन्हा विणलं. मला कुठं येतंय? ती सांगत होती, मी ओढत होतो. तिने एक टोक धरलं, मी एक. माझ्या हाताला फोड आले. रात्री झोपायच्या वेळी म्हणाली, दूध दे रे वाटीभर...”

तो बोलता बोलता हळू झाला.

गुरुजींनी बाजेला शेंग लावली.

विलास त्या शेंगांकडे बघत राहिला. जात्यापाशी एक, तुळशीपाशी एक, बाजेपाशी एक.

“ह्या कसल्या शेंगा, गुरुजी?”

“मला काय माहीत?”

“तुम्हीच ठेवल्यात की.”

“मी नुसत्या ठेवल्या. तू सांगितलेल्या प्रत्येक दिवसात ती आहे. तुझी मांडायची राहिली.”

...

विलास काही बोलायचा असेल तर आधी ओठ चावतो, लहानपणापासूनची खोड आहे. आत्ता तो चावत होता.

“पण मी तर रोज तिथंच असतो,” तो म्हणाला.

“रोज?”

“म्हणजे घरीच येतो ना रोज. सकाळी लवकर निघतो. रात्री उशीर होतो हे खरं. मी येतो तेव्हा ती झोपलेली असते.”

“झोपलेली असते?”

“तिच्या खोलीतला दिवा बंद असतो.”

गुरुजींनी सुपातली एक शेंग घेऊन फोडली.

“...दिवा बंद असतो,” विलास पुन्हा म्हणाला. या वेळी ते गुरुजींना सांगितलेलं नव्हतं.

मग त्याने एक गोष्ट सांगितली, जी सकाळपासून सांगितली नव्हती. त्याची बायको मागे एकदा म्हणाली होती, आई रोज संध्याकाळी एकच विचारतात. विलास आला का. थोड्या वेळाने पुन्हा. विलास आला का. विलासला ते ऐकून हसू आलं होतं, म्हातारपणी माणसं तेच तेच विचारतात म्हणून. तो बायकोला म्हणाला होता, सांग तिला, येतोय म्हणून.

“हे तू मांडलं नाहीस,” गुरुजी म्हणाले.

“हे मला मांडण्यासारखं वाटलं नाही.”

मला तानूआक्का दिसत होती, पुण्यातली नव्हे, इथली. गुरुजी आम्हाला मैदानावरून उशिरा सोडायचे, तेव्हा घरी जायच्या वाटेवर विलासचं घर आधी लागायचं. ती उंबऱ्यात उभी असायची, एक हात चौकटीला. विलास दिसला की काही न बोलता आत वळायची, आणि मग आतून ताटं मांडल्याचा आवाज यायचा. दोन ताटं, विलासचं आणि तिचं. आम्ही बाकीची पोरं आपापल्या घरी पोहोचायचो तेव्हा आमच्या आया जेवून भांडी घासत असायच्या, आणि आम्हाला वाटायचं विलासच्या आईला स्वयंपाकाला फार उशीर होतो.

हे मी बोलून दाखवलं नाही.

“म्हणजे गुरुजी...” विलास सावरून बसला. त्याच्यातला इंजिनिअर परत आला. “पुढच्या महिन्यात एक मोठं काम संपतंय. मग रविवार मोकळे होतील. शनिवारीही दुपारनंतर येता येईल. तसं बसवता येईल मला.”

“विलासा.”

“हं?”

“आता तिच्या बाजूने मांड.”

“तिच्या?”

“सूत्र तेच. तू आईला हुडकत होतास, तेव्हा तिला इकडं एकटी ठेवलीस, आणि तुला जे जे ठाऊक ते तिकडं. आता ती हुडकतीय. तिला जे ठाऊक आहे ते तिकडं ठेव. ठाऊक नाही ते इकडं.”

विलासने हात पुढे केला, पण हात शेंगांवर नुसता फिरत राहिला. ज्या पोराने आमच्या सगळ्या वर्गाला एका बोटावर नाचवलं, त्याला आता एक शेंग कुठून उचलायची ते कळेना.

“खोली तिला ठाऊक आहे,” तो म्हणाला. खोली जागेवर राहिली.

“औषधं. ठाऊक आहेत. वेळसुद्धा पाठ आहे.”

“जेवण. जातं. तुळस. बाज...” ती सगळी जागेवर राहिली.

मग रेघेच्या या बाजूची ती पहिली शेंग. आईची. ती त्याने उचलली आणि हातात धरून बसला.

“आणि ही? आई स्वतः?”

“तिला तिचं ठाऊक असतंय की,” गुरुजी म्हणाले. “भूक लागली का नाही, झोप आली का नाही. त्यात काय हुडकायचंय तिला?”

विलासने आईला रेघेच्या त्या बाजूला, खोलीच्या शेजारी ठेवलं. रेघेची ही बाजू रिकामी झाली.

त्या बाजूला आता सगळं होतं. आणि जातं, तुळस, बाज यांना लावलेल्या त्या बिननावाच्या शेंगा होत्या.

त्याने त्या एकेक करून उचलल्या. तिन्ही हातात घेतल्या. तिन्ही एकच अक्षर, म्हणून दोन सुपात परत टाकल्या आणि एक ठेवून घेतली. ती रेघेच्या या बाजूला ठेवायला त्याला फार वेळ लागला. ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

मोकळ्या मातीत ती एकटी शेंग, आणि तिच्यापुढे उकिडवा बसलेला विलास. डोक्याचे केस पांढरे झालेले, पँटचे गुडघे मातीने भरलेले. मला त्या क्षणी त्याची दया आली आणि हेवाही वाटला. दया कशाची ते सांगायला नको. हेवा याचा, की माझी वाट बघणारं आता घरात कुणी नाही.

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्याने पुसलं नाही, आम्हा दोघांसमोर पुसायची गरज नव्हती. गुरुजींना ते दिसलं नसेल. पण त्यांचा श्वास बदललेला मला ऐकू आला.

विलासने मान वर केली. मग त्याने त्याच जुन्या आवाजात, मैदानावरच्या पोराच्या आवाजात विचारलं,

“उत्तर काय येतं, गुरुजी?”

गुरुजींनी काठी टेकली. मी हात दिला, तो धरून ते उठले. विलासच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तो आधी त्याच्या कानाला लागला, मग डोक्याला.

“मला काय विचारतोस? ती तिकडं एकटीच सोडवत बसलीय. जा.”